चार बोटं जास्त

वैशाख वद्य पंचमी, सन १९३६

सकाळची शाळा करून साडेदहाला घरी आलो. भरतीबरोबर धरमतरहून कासमशेठचा मचवा आला होता. त्यातून ट्रॅक्टरचा नवा लोखंडी दांडा उतरला. दोघा खलाशांनी तो आणून आपल्या ओटीवर ठेवला. बाबांनी तो हाताने चाचपून पाहिला. दुपारी भात आणि सुक्या जवळ्याची चटणी. बाबा अर्ध्या पानावरून उठले. ऊन फार आहे.

दादा,

तीर्थरूप लिहायचं होतं. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. पाया पडावं असं आज मनात नाही. मला तुझा राग आला आहे. पावणेतीन महिने आहे, पण आज तो पोटात मावेना म्हणून लिहायला बसलो. तोंडाने बोलणं मला कधी जमलं नाही हे तुला ठाऊकच आहे. त्यावरून तू मला कमी का चिडवलंस? "आमचा माधव मास्तर बोलला की समजायचं, खाडीला सोनं लागलं!" असं तू सगळ्या बंदरावर सांगत फिरायचास.

पण त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. आणि तू ऐकायला हवं होतंस.

तुला ती इंग्रजी पुस्तिका आठवते? कासमशेठच्या ट्रॅक्टरबरोबर पेटीत आली होती. मुखपृष्ठावर तेलाचे डाग होते. तू ती शाळेत घेऊन आलास, भर वर्गात. मुलं पाढे म्हणत होती आणि तू दारातून ओरडलास, "मास्तर, तू वाच, मी करतो!" मुलं हसली. मलाही हसू आलं होतं, ते मी फळ्याकडे तोंड करून लपवलं.

चार संध्याकाळी मी ती तुला वाचून दाखवली. ट्रॅक्टरच्या पाठीमागे एक फिरता खुंट असतो. त्या खुंटापासून मागे टांगलेल्या पंपापर्यंत ताकद नेणारा दांडा दोन तुकड्यांचा असतो. एक चौकोनी नळी आणि तिच्या आत सरकणारा चौकोनी गज. पंप वर उचलला की दोन्ही टोकं जवळ येतात आणि गज नळीत शिरतो. खाली सोडला की बाहेर येतो. कारखान्यातून दांडा लांबच येतो. जिथे जे यंत्र टांगायचं त्याच्या मापाने तो कापून घ्यायचा. पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं की दोन्ही टोकं सर्वांत जवळ येतात तिथे माप घ्या, आणि तिथेही गजाच्या पुढे नळीत मोकळी जागा ठेवा. गज नळीच्या बुडाला टेकता कामा नये.

मी हे तीनदा वाचलं. तू तिन्ही वेळा "समजलं" म्हणालास. मी बोटांचा हिशोब करून दिला. पंप वर असताना दोन बोटं मोकळी हवीत. पंप खाली गेला की गज तीन बोटं बाहेर येतो, म्हणजे तिथे पाच बोटं मोकळी दिसली पाहिजेत. पाटीवर काढून दाखवलं. तू पाटी हातात घेऊन म्हणालास, "यवढं सोपं हाय व्हय? मग इंग्रजीत कशाला लिवलं?"

आणि मग काय केलंस तू?

माप बरोबर घेतलंस. पंप वर उचलून, दोन्ही तुकडे शेजारी धरून, खडूने खूण केलीस. मी शेजारीच उभा होतो. खूण अगदी नेमकी होती. मग बांबूची काठी त्या मापाला लावलीस, खुणेपुढे डावा हात ठेवलास, चार बोटं, आणि त्यांच्या पुढे कोयत्याने काठीला खाच पाडलीस. दांडा त्या खाचेवर कापलास!

चार बोटं जास्त. बाबांनी शिकवलेली. मचव्याची फळी घ्यायची ती मापापेक्षा चार बोटं लांब, आधी होडीवर चढवायची, वाकवायची, बसवून पाहायची आणि मग वाढीव भाग तासायचा. मी सुतारकी शिकलो नाही तरी हे मलाही पाठ आहे. लहानपणी आपण भाकरीसुद्धा तशीच मागायचो, "आये, चार बोटं जास्त!"

मी म्हणालो, "दादा, पुस्तिकेत..."

तू म्हणालास, "लावून बघू, मग कापू. लोखंड कमी पडलं तर पुन्हा विलायतेला जायचं का? बाबा काय येडे होते?"

बस. एवढ्यावर मी गप्प झालो.

लोखंड तासता येतं, हे मलाही पटलं होतं. मला राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. दुसऱ्या दिवशी खाडीच्या बांधावर पंप वर टांगलेला असताना दांडा बसेना. बसणारच नव्हता! तो तुला सांगत होता की मी लांब आहे. लोखंडाला याहून मोठ्याने कसं बोलता येईल? आणि तू काय केलंस? रहाटाची दोरी सैल करून पंप खाली पाण्यात सोडलास, टोकं लांब झाली आणि दांडा गुपचूप बसला. तू मागे वळून ओरडलास, "बघ मास्तर, बसला का न्हाय?" बांधावरची वीस-पंचवीस माणसं हसली. मी वाकून नळीत पाहिलं. पाच बोटं मोकळी हवी होती तिथे एकच बोट मोकळं होतं.

दादा, मी पाहिलं होतं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

गावच्या माणसांसमोर थोरल्या भावाची चूक काढायची कशी? मी मनात वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात कासमशेठ म्हणाले, "वामन, अवसेचं उधाण दोन दिवसांवर आलं. आज पाणी हललं पाहिजे, बाबा." आणि तू माझ्याकडे बघून हळूच म्हणालास, "आज पंप वर घ्यायचाच न्हाय. चालू दे दिवसभर. उद्या कापतो, तुझ्या पुस्तकासारखा." म्हणजे तुला कळलं होतं! तुला सगळं कळलं होतं, आणि तरी तू चालू केलास. मीही मान हलवली. उद्या कापणार आहे ना, मग आज कशाला चारचौघांत बोलायचं? आपण दोघांनी मिळून ते ठरवलं, एक शब्द न बोलता.

खारीतलं, बांधाआतल्या भातजमिनीतलं पाणी हलायला लागलं तेव्हा लोक नाचले. दोन वर्षांपूर्वी बांध फुटून खारं पाणी आत शिरलं होतं. भाताचा एक दाणा पिकला नव्हता. उघाडीच्या दारातून ओहोटीला जेवढं गेलं तेवढं गेलं, तळातलं राहिलं होतं. ते पंपातून धो धो बाहेर पडताना बाबांनी डोळ्यांवर हात आडवा धरून पाहिलं. त्यांना नीट दिसत नाही, पण आवाज ऐकून त्यांचं तोंड फुललं होतं. "माज्या पोरानं लाकडाचं सोडून लोखंडाचं केलं, तरी बसवलंन!" असं ते ज्याला त्याला सांगत होते.

मग दुपारी पंपात शेवाळ अडकलं. पाणी कमी झालं. तू ट्रॅक्टरवरून तसाच उतरलास आणि मागे पंपापाशी आलास. फिरता खुंट बंद करायला पुन्हा पुढे जाऊन एक दांडी ओढायची होती. आठ पावलं! तू आठ पावलं पुढे गेला नाहीस. तिथेच, फिरत्या दांड्याच्या शेजारी उभा राहिलास आणि रहाट फिरवायला लागलास. थोडासाच वर घेऊ, असं वाटलं असेल. हात घालून शेवाळ काढू. थोडासाच!

मी बांधावर होतो. पुस्तिका माझ्या कोटाच्या खिशात होती. मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने ओरडलो, आणि इंजिनाच्या आवाजात ते तुला ऐकू गेलं नाही. गज बुडाला टेकला. सांधा फुटला. सुटलेला दांडा फिरत होता. त्यापुढचं मी लिहिणार नाही. तुला ते समजायला वेळ मिळाला नसेल, एवढीच आशा.

आता पुढचं ऐक. मी कुणावर चिडलो आहे ते कळेल.

तुला त्यांनी शेंदूर लावला आहे, दादा. तू पडलास तिथे बांधावर दगड उभा केला आहे. अमावास्येला नारळ फुटतो. "बांधाने माणूस घेतला," असं सगळे म्हणतात. "मोठा बांध फुकट उभा राहत न्हाय. आता फुटायचा न्हाय." किती सोपं! माणूस गेला, बांध टिकला, हिशोब पुरा झाला. मी त्या बाजूने शाळेत जायचं सोडलं. खाजणातून चिखल तुडवत जातो. वहिनी एकदाही त्या दगडापाशी गेली नाही. बायकांनी तिला फार सांगितलं. ती म्हणाली, "माज्या घरातला माणूस व्हता, देव कवा झाला? त्याला शेंदराची न्हाय, आमटीतल्या मिठाची ओळख व्हती."

पण बाबा जातात. हे तुला सांगायलाच हवं. काठी टेकत जातात, दगडावर हात ठेवून बसतात आणि शांत होऊन परत येतात. बांधाने घेतला, यात त्यांना आधार वाटतो. म्हणून मी बोललो नाही. तोही एक बहाणाच म्हण. मला बोलायचं नव्हतं आणि बाबांचा आधार मोडायचा नव्हता. दोन्ही सोयीचं जुळलं.

आज सकाळी ते मोडलं.

दांडा ओटीवर आला. मागोमाग गणू आला. वहिनीचा भाऊ, माणगावचा. तिथे तो मोटारीवर होता. तुझ्यानंतर शेठनी त्याला ट्रॅक्टरवर घेतला आहे. पाऊस महिन्यावर आहे, तळातलं पाणी अजून गुडघाभर आहे, ते निघालं तरच पहिल्या पावसाने मीठ धुऊन जाईल आणि यंदा रोप लागेल. परवापासून पंप लावायचा असं ठरलं. गणू चांगला आहे. तुझ्यासारखाच मोठ्याने बोलतो. आल्या आल्या म्हणाला, "मास्तर, दांडा कितीला कापायचा? लवकर सांगा, ताईच्या हातचं जेवून मगच हात काळं करतो."

बाबा आत गेले. आणि तुझी ती बांबूची काठी घेऊन बाहेर आले. मला वाटलं होतं ती कुठे हरवली. त्यांनी ती देवापाशी ठेवली होती! खाचेवर अंगठा फिरवत म्हणाले, "हे वामनाचं माप. बसलं व्हतं. पंचवीस माणसांनी बगितलं, बसलं व्हतं. ह्याच्यावरच काप, गणू. आन् नवं माप घेशील तर चार बोटं जास्त ठेव. आमच्या घरात तसंच करतात."

गणूने काठी कपाळाला लावली.

मी खांबाला टेकून उभा होतो. तोंड उघडलं. आणि पुन्हा मनात वाक्य जुळवायला लागलो, दादा! पुन्हा तेच! म्हाताऱ्या बापासमोर कसं बोलायचं, गणूला बाजूला घेऊन सांगू, जेवण झाल्यावर सांगू, संध्याकाळी सांगू.

वहिनी दारात आली. हातात भाताची परात तशीच होती. तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "भावजी, तुमच्या तोंडावर त्या दिवशी जे व्हतं तेच आज हाय. मी बांधावरच व्हते. तुमी नळीत वाकून बगितलं आन् गप झालात. मी इतके दिवस इचारलं न्हाय. आता माजा भाऊ हाय तो. काय बगितलं व्हतं?"

तिला ठाऊक होतं, दादा. ती पावणेतीन महिने मला वाढत होती आणि तिला ठाऊक होतं.

मी सांगितलं. सगळं एका दमात नाही आलं. आधी म्हणालो, "ते माप चुकीचं आहे." मग म्हणालो, "चार बोटं लांब आहे." मग पाच बोटांचा हिशोब सांगितला आणि एकच बोट मोकळं होतं हे सांगितलं. मला ते दिसलं होतं हेही सांगितलं. शेवटी म्हणालो, "बाबा, बांधाने नाही घेतला. त्या चार बोटांनी घेतला. आणि मी बोललो नाही त्याने."

गणू काठीकडे बघत राहिला. त्याने ती हळूच जमिनीवर ठेवली, विंचू ठेवावा तशी.

बाबांनी वाकून ती चाचपली, खाच शोधली. मग त्यांनी विचारलं, "होडीला ठेवतात. ह्याला न्हाय ठेवत?"

"नाही, बाबा. याला जागा ठेवतात."

"लाकूड पुढं तासतात. हे न्हाय?"

"हेही तासतात. पण चालू करायच्या आधी."

त्यांनी आपला डावा हात डोळ्यांजवळ धरला. चार बोटं जोडून बघितली. म्हणाले, "मग मला कुणी इचारलं का न्हाय? मी त्याला सांगितलं असतं, लोखंडाचं मला म्हायत न्हाय म्हणून." आणि जेवायला बसले. बसले, आणि अर्ध्यावरून उठले.

तूच सांग, त्यांना का नाही विचारलंस? वर्षभर लोखंडात काम करत होतास. एकदा घरी येऊन म्हणायचं, बाबा, हे वेगळं आहे, इथे तुमचं माप चालत नाही. तुला ते म्हणवेना. तू मला बोलका वाटायचास. बंदरावर, बाजारात, बांधावर, सगळीकडे तुझाच आवाज. आणि बापासमोर तूही माझ्याइतकाच मुका! हे मला आज कळलं आणि त्याचा जास्त राग आला. माझ्यावर हसायचास ते कोणत्या तोंडाने?

तुला चुकून असं वाटू देऊ नकोस की सांगितल्याने मन हलकं झालं. झालं नाही. वहिनी मागच्या अंगणात बसली आहे. माझ्याशी बोलली नाही. बोलेल की नाही ठाऊक नाही. तिने मला माफ करावं असं मी काही केलेलं नाही.

जेवणानंतर मी आणि गणू दांडा उचलून बांधावर गेलो. तुझ्या दगडाजवळूनच गेलो, चुकवलं नाही. पंप पुरता वर उचलला. गणूला सांगितलं, तू हात लावू नकोस, आधी पुस्तिका ऐक. भर उन्हात उभं राहून ती मी मराठीत वाचली. बांधावर चार माणसं होती, ती जवळ आली. एक म्हणाला, "मास्तर, तुमचा आवाज यवढा मोठा हाय, म्हायती नव्हतं." मी वाचत राहिलो. दोन्ही तुकडे शेजारी धरून माप घेतलं, खूण केली, दोन बोटं मोकळी धरली. पंप खाली सोडून खुणेपासून पुन्हा मोजलं. पाच. चौघांना एकेक करून वाकून बघायला लावलं.

परत येऊन दांडा ओटीवर टेकवला, पाणी पिऊन आलो तेव्हा त्यावर बाबांचा गुण्या ठेवलेला होता. तोच जुना, कडा झिजलेला, काटकोन बघायचा. तो त्यांनी तुला दिला होता. मला कधी हातही लावू दिला नव्हता, मी शाळेत गेलो म्हणून. बाबा आत भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिथूनच म्हणाले, "कापशील तो सरळ काप. तिरका गेला तर अडकंल."

गणू कापतो म्हणाला. मी त्याला नको म्हटलं. हा दांडा मलाच कापायचा आहे.

दादा, एक सांगून ठेवतो. परवा पंप चालू होईल तेव्हा मी शाळा बंद ठेवून बांधावर असेन. यंत्र बंद झाल्याशिवाय त्या दांड्याजवळ कुणी गेलं, गणू असो, शेठ असो, की साक्षात बाबा असोत, तर मी चारचौघांत ओरडेन. आधी ओरडेन, वाक्य मग जुळवेन. ही खार पिकेल त्या वर्षी आणि त्यानंतरही.

तुझ्यावरचा राग गेला नाही. तो राहू दे. त्याच्यामुळेच मी बोलेन असं दिसतं.

तुझा धाकटा,
माधव

ता. क. – कापून झालं. नळी आणि गज, दोन्ही सारखेच कापले. गुण्या लावून पाहिला, सरळ आहे. कडांवर कानस फिरवली, आतून पुसून वंगण लावलं. लोखंडाचा कीस ओटीभर पसरला होता, आणि वहिनी अनवाणी फिरते. केरसुणी घेऊन सगळा गोळा केला, फटीतलाही काढला, आणि आता तो टाकायला निघालो आहे.